पाकोळीच्या नाकाचा दोर

१ मार्च १९१०

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, एकही दिवस चुकवायचा नाही. राजवाड्याचे टोपीवाले रोजनिशी ठेवतात असं ऐकलंय. उद्या राजवाड्यातून कुणी विचारलं की नेगेले, तुमची रोजनिशी कुठाय, तर डोकं खाजवत बसायला नको.

मी गेबहार्ट नेगेले, ओबरमोसचा एकमेव टोपीवाला. शाळा चौथीत सोडली, कारण मास्तरांची टोपी डोक्यावर वाकडी बसते असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ती वाकडीच होती. दुकान अलीकडे बंद केलं. बंद पडलं नाही, मी केलं. लोकांना कारखान्यातल्या चपट्या कापडी टोप्या हव्यात तर घालोत. असल्या टोपीखाली जे डोकं असतं त्याला तेवढीच पुरते. माझ्या उरलेल्या टोप्या माडीवर नीट कागदात आहेत. त्यांचा दिवस येईल.

२ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. पण नियम मोडला नाही.

१४ मार्च

मधले दिवस गेले, त्याला मी जबाबदार नाही. शाई गोठली होती. झेन्झी म्हणाली, शाई नाही बाबा, तुमचा उत्साह गोठला. मुलीच्या जिभेला धार आलीय आणि ती कुठून आली ते मला ठाऊक आहे. वरच्या कुरणातल्या त्या शेडमधून.

शेडबद्दल लिहून ठेवतो. रीडम्यूलर नावाचा एक हडकुळा इंजिनिअर गेल्या वर्षी गावात टपकला. हा म्हणे हवेत जाणार. आपल्या चर्चपेक्षा लांब असं एक जहाज त्याने बांधायला घेतलंय. त्यात गॅस भरायचा, खाली दोन होड्या टांगायच्या, मागच्या होडीत इंजिन, पुढच्या होडीत तो स्वतः. नाव ठेवलंय पाकोळी. मी जाऊन पाहिलं. पाकोळी कसली, आडवं टांगलेलं वांगं. आणि गॅसच्या पिशव्या कशाच्या? बैलाच्या आतड्यांच्या! आतड्याची पातळ साल काढायची आणि कापडावर एकीवर एक चिकटवत बसायचं, म्हणजे गॅस झिरपत नाही. गावातल्या बाया दिवसभर हेच करतात, आणि त्यांच्यात माझी झेन्झी. तीन पिढ्या आम्ही लोकांची डोकी सजवली. माझी मुलगी आतडी चिकटवते.

सगळ्या घराला वास येतो. मी खिडकी उघडतो, मग मला खोकला होतो.

२९ मार्च

गावात सॉसेज मिळेनासं झालं. बुर्कार्ट खाटीक सगळी आतडी शेडला देतो, मग खिमा भरायचा कशात? आज ताटात मसुराशेजारी नुसता खिमा होता, उघडाबोडका. मी जाऊन तक्रार केली. बुर्कार्ट म्हणाला, अरे गेबहार्ट, तुझं सॉसेज आता आकाशात उडणार, मान वर कर आणि कोरडा पाव खा. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. हा माणूस आमच्या अग्निशामक दलाचा प्रमुख आहे. पितळी शिरस्त्राण घालतो, हनुवटीखाली पट्टा आवळून. गळ्यात पट्टा असलेल्या प्राण्याबद्दल मी काय बोलू?

५ एप्रिल

वेंडेलबद्दल आज लिहायलाच हवं. टाळत होतो.

वेंडेल हा मागच्या होडीतल्या इंजिनाचा मेकॅनिक. उत्तरेकडचा. सदा शीळ घालतो, नखांत काळं. झेन्झीचं याच्याशी ठरलंय. मला विचारलं नाही, सांगितलं. नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणानंतर लग्न, आणि मग दोघं त्याच्या गावाकडे, तिथे म्हणे याहून मोठी जहाजं बांधतात. मी विचारलं, आणि माझे मसूर कोण शिजवणार? झेन्झी म्हणाली, मसूर पाण्यात टाकले की शिजतात, बाबा. वेंडेल म्हणाला, मास्तर, तुम्ही पण चला, तिकडेही लोकांना डोकी असतात. याला विनोद समजायचं.

त्याने माझी टोप्यांना वाफ द्यायची किटली दुरुस्त केली. न विचारता. वर्षभर गळत होती, आता गळत नाही. पण न विचारता.

तिची आई गेल्यावर या मुलीला मी वाढवलं. ती गेली तर या घरात मी आणि टोप्या. तेव्हा उपाय एकच. दुकान पुन्हा उघडायचं आणि असं चालवायचं की ते सोडून जाणं तिला वेडेपणाचं वाटेल. कसं उघडायचं ते ठरवतो.

६ एप्रिल

अजून ठरलं नाही. पाठ दुखते.

२३ एप्रिल

रीडम्यूलरला भेटून दोन समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात म्हणून शेडमध्ये गेलो. दारातच दोन माणसांनी धरलं आणि माझा पाइप तोंडातून काढून पाण्याच्या बादलीत टाकला. म्हणे आत गॅस आहे, एक ठिणगी आणि सगळं खलास. मी म्हटलं, जे जहाज माझ्या पाइपला भितं ते विजेला काय तोंड देणार? रीडम्यूलर शिडीवरून म्हणाला, विजेलाही भितं, नेगेलेसाहेब, आम्ही सगळेच भितो, म्हणून तर काळजी घेतो. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! असल्या भित्र्याच्या जहाजात माझा होणारा जावई बसणार.

होणारा जावई असं वर लिहिलं गेलं. सवयीने.

१७ मे

पाकोळी पहिल्यांदा शेडबाहेर आली. वारा नव्हता. दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरून तिला चालवत बाहेर काढतात, मारक्या बैलाला बाजारात नेतात तशी. शेपटीचे दोर बुर्कार्टच्या अग्निशामकवाल्यांकडे, नाकाचा दोर कुणाकडेही. रीडम्यूलर शिट्टी फुंकतो. एक शिट्टी म्हणजे घट्ट धरा. दोन म्हणजे सगळ्यांनी एकदम सोडा. एकाने आधी सोडला आणि दुसऱ्याने नंतर, असं चालत नाही म्हणे. हे सांगायला इंजिनिअर कशाला लागतो?

वर गेली नाही. कुरणावर थोडा वेळ डुलली आणि परत आत नेली. मी मोठ्याने हसलो. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा मला खोकला आला असं दाखवलं.

पण माझं लक्ष भलतीकडेच होतं. नाकाचा दोर धरणारे सगळे बोडके! इतके लोक बघायला आलेले, शेजारच्या गावचे, फोटोवालासुद्धा, आणि ओबरमोसची माणसं उघड्या डोक्याने, केस उडताहेत. मान खाली गेली. परतताना माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

२६ मे

ख्रिस्तदेहाची मिरवणूक. आमचं नेमबाज मंडळ माझ्या टोप्या घालून निघालं. हिरवी मखमल, ताठ कड, बाजूला कोंबड्याचं पीस. हे मंडळ मी घडवलं. माझ्या टोपीची कड एका हाताने ओढली की आकार बिघडतो. ती दोन्ही हातांनी उचलायची, सरळ वर, छातीशी आणायची. वीस वर्षं मी त्यांना हेच शिकवलं. आता त्यांना सांगावं लागत नाही. बँडने राजाच्या गाण्याचा पहिला सूर काढला की हात आपोआप वर जातात. सगळे एकदम, जणू एकच माणूस. आज पाद्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले धुपाचा धूर गेला. नम्र माणूस आहे.

ठरलं. नाकाचा दोर नेमबाज मंडळाने धरायचा. टोप्यांसकट. प्रमुख मी.

१९ जून

पाकोळी उडाली.

चर्चच्या मनोऱ्याला वळसा घालून परत आली. लोक रडत होते, गुडघे टेकत होते. बुर्कार्टने मला मिठी मारली, एप्रनसकट. मी रडलो नाही, धूळ फार होती. वेंडेलने मागच्या होडीतून हात हलवला. झेन्झीने एप्रन उंच फडकवला आणि ओरडली, ती शिवण माझी आहे, ती बघा बाबा, पोटाखालची, ती माझी! मला कुठलीच शिवण दिसली नाही.

नाकाचा दोर माझ्या मंडळाने उत्तम धरला. टोप्या घालायला रीडम्यूलरने परवानगी दिली नव्हती, म्हणून आज नव्हत्या. पुढच्या वेळी असतील.

मनात आणलं तर मीही बांधू शकलो असतो असलं जहाज. सांगाडा म्हणजे काय, टोपीच्या साच्याचा मोठा भाऊ.

८ जुलै

बातमी! सप्टेंबरात ड्यूक येणार. राजाचा चुलतभाऊ, स्वतः, ओबरमोसला, पाकोळी बघायला. नगराध्यक्ष सकाळपासून दारोदार सांगत फिरतोय, घामाने कॉलर विरघळलेली.

माझं सगळं चित्र स्पष्ट झालं. ड्यूक खुर्चीवर बसलेला. समोर पाकोळी. नाकाच्या दोराशी माझं मंडळ, हिरव्या मखमलीत. बँड राजाचं गाणं वाजवतो. टोप्या एकदम वर. ड्यूक विचारतो, या टोप्या कुणाच्या? पुढचं सांगायला नको. राजवाड्याचा टोपीवाला अशी पाटी, सोनेरी अक्षरात, दुकानावर. गिऱ्हाइकांची रांग. झेन्झी गल्ल्यावर. वेंडेलला हवं तर किटली बघायला ठेवू.

पाटीसाठी कुठलं लाकूड ते ठरवायचं. अक्रोड.

२१ जुलै

शेडमध्ये बैठक. मी अत्यंत शांतपणे बोललो. असं मला तरी वाटलं.

रीडम्यूलरचं म्हणणं: दोर हातात असताना टोपी नको. घालायचीच तर हनुवटीखाली इलॅस्टिक लावा. इलॅस्टिक! माझ्या मखमलीला! लहान मुलांच्या टोपीसारखं! आणि बँड? बँड जहाज वर गेल्यावर वाजेल, आधी एक सूरही नको, नाहीतर माझी शिट्टी ऐकू येत नाही. मी म्हटलं, म्हणजे राजाचा भाऊ येऊन बसणार आणि आम्ही मुक्यासारखे उभे राहणार? तो म्हणाला, हो, दोर धरून. नगराध्यक्षाने त्याची बाजू घेतली. याच्या घरी तीन टोप्या आहेत, तिन्ही परगावच्या.

शेवटी तोडगा निघाला. टोप्या चालतील, इलॅस्टिकशिवाय, पण बँड नंतर. मी होकार दिला. असल्या लोकांना होकार देऊन आपलंच खरं करावं.

२ ऑगस्ट

बँडमास्तरला भेटलो. भला माणूस, पण ऐकायला जरा कमी येतं, सगळं डोळ्यांनी बघून करतो. त्याला सांगितलं, ड्यूक खुर्चीवरून उठले की सुरू कर. हे रीडम्यूलरच्या अटीत बसतं. पाकोळी वर गेली की ड्यूक उठतीलच, टाळ्या वाजवायला. त्याआधी ते कशाला उठतील? ड्यूक लोक उगाच उठत नाहीत. आपल्यासारखं त्यांना अंगण झाडायचं नसतं.

१४ ऑगस्ट

सराव. वरच्या कुरणावर खरं जहाज द्यायला रीडम्यूलर तयार नाही, म्हणून गवताची गाडी घेतली. उतारावर उभी केली, पुढे दोर बांधला, दोराला मंडळ, टोप्यांसकट. बँडमास्तरने कॉर्नेट आणला. मी हात खाली केला, त्याने राजाचं गाणं फुंकलं, आणि टोप्या अशा काही एकदम वर गेल्या की माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

गाडी तळ्यात गेली. तो वेगळा मुद्दा.

वेंडेल शेडमधून धावत आला आणि कमरेइतक्या पाण्यात उतरून गाडी बाहेर काढायला लागला. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. म्हणाला, मास्तर, मी मागच्या होडीत असतो. तुम्ही नाक सोडलं आणि बुर्कार्टने शेपूट धरून ठेवलं तर पाकोळी उभी राहील, घोडं मागच्या पायांवर उभं राहतं तशी, आणि मागची होडी सगळ्यात आधी जमिनीवर आपटेल. दोर हातात असला की राजा आला तरी टोपीला हात नाही, एवढं तुमच्या माणसांना सांगा. मी म्हटलं, सांगतो. तो म्हणाला, वचन द्या. झेन्झी शेजारीच उभी होती, तिने माझा कोट झाडत म्हटलं, द्या की हो बाबा. दिलं.

गाडीचं काय एवढं! गाडीला ब्रेक नव्हता.

२० ऑगस्ट

मंडळाला सांगायचं राहिलं. सगळे बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या तोडणीला गेलेत, वेलींच्या जंगलात माणूस सापडत नाही. तोडणी संपली की सांगतो.

३१ ऑगस्ट

झेन्झीने विचारलं, सांगितलंत का? मी म्हटलं, सांगितल्यातच जमा आहे. ती म्हणाली, जमा म्हणजे? मला तिचा आवाज आवडला नाही.

घरी लग्नाचा पोशाख शिवायला घेतलाय. शिवणीला अगदी पाकोळीसारखे बारीक टाके घालते. मी म्हटलं, यातून गॅस झिरपणार नाही. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

९ सप्टेंबर

चौघांना सांगितलं. म्हणजे चौघं दारूच्या गुत्त्यात होते आणि मी त्या विषयावर बोललो. ते म्हणाले, नेगेले, वीस वर्षं तू म्हणतोस पहिला सूर की टोपी वर, आता म्हणतोस वर नको, मग आम्ही तुझं कुठलं ऐकायचं? त्यांचंही खरं आहे. माणसाला दोन गोष्टी सांगितल्या की गोंधळ होतो. शिवाय बँड नंतरच वाजणार आहे, तेव्हा प्रश्नच येत नाही. न येणाऱ्या प्रश्नासाठी शिस्त बिघडवायची?

१७ सप्टेंबर

टोप्या माडीवरून काढल्या, किटलीवर वाफ दिली, ब्रश मारला. पिसं ताठ. पाटीसाठी सुताराशी बोललो, अक्रोडच.

माणसांना उद्या सकाळी सांगून टाकतो, वचन ते वचन.

१८ सप्टेंबर, रविवार, सकाळ

निरभ्र आकाश. वारा नावाला. सांगायला वेळ मिळाला नाही, प्रत्येकाची टोपी सरळ करता करता प्रार्थनेची घंटा झाली. सगळे अप्रतिम दिसताहेत. वेंडेल भेटला, म्हणाला, काय मास्तर, सांगितलंत ना? मी म्हटलं, तू तुझं इंजिन सांभाळ. त्याने माझी टोपी जरा सरळ केली. माझी! सरळच होती.

१८ सप्टेंबर

टोप्या एकदम वर गेल्या.

१९ सप्टेंबर

झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे उद्या कुणी भलतंसलतं सांगू नये.

पाकोळी शेडबाहेर आली. ड्यूक खुर्चीवर. समोर टेबलावर आलुबुखारचा केक, नगराध्यक्षाच्या बायकोने केलेला, गोडमिट्ट. सप्टेंबरात केक उघड्यावर ठेवला की गांधिलमाश्या येणारच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इंजिन सुरू झालं. रीडम्यूलरने एक शिट्टी फुंकली. सगळ्यांनी दोर घट्ट धरले. माझ्या लोकांनीही धरला. हे महत्त्वाचं आहे. धरला होता.

एक गांधिलमाशी ड्यूकच्या कॉलरमध्ये शिरली.

ड्यूक उठले. बँडमास्तरने त्यांना उठलेलं पाहिलं. त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. पहिला सूर.

मी काहीतरी ओरडलो असेन. काय ते आठवत नाही.

बुर्कार्टच्या लोकांनी सोडलं नाही. त्यांची शिरस्त्राणं पट्ट्याने बांधलेली, त्यांना टोपी काढायची नव्हती. मी कालपासून विचार करतोय, त्यांनीही सोडलं असतं तर जहाज सरळ वर गेलं असतं. तेव्हा खरं पाहिलं तर दोष धरणाऱ्यांकडेही जातो.

नाक वर गेलं. वेंडेलने सांगितलं होतं तसंच उभं राहिलं, घोडं उभं राहतं तसं. मागची होडी. मग आग. आवाज फार झाला नाही, मोठ्या चादरीला कुणी झटका द्यावा तेवढाच. रीडम्यूलर पुढच्या होडीतून फेकला गेला होता. तो उठून जळत्या लोखंडात हात घालून वेंडेलला ओढायला लागला. दोन्ही हात. इंजिनिअर म्हणे. जळतं लोखंड हाताने धरतात का?

झेन्झीला दोन बायांनी धरून ठेवलं होतं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र कुणी नाकारू शकणार नाही. टोप्या एकदम वर गेल्या. एकही मागेपुढे नाही.

ड्यूकने काही विचारलं नाही.

२० सप्टेंबर

झेन्झी घरी आली नाही. शेडवाल्या बायांकडे आहे. मसूर पाण्यात टाकले. शिजले नाहीत. किती वेळ टाकायचे ते विचारायचं राहिलं होतं.

किटली चालते. गळत नाही.

२१ सप्टेंबर

शहरातून चौकशीला एक साहेब आले. चष्मा, गुळगुळीत डोकं, टोपी खुंटीवर, कारखान्यातली. मी सगळं व्यवस्थित सांगितलं. मंडळाची शिस्त, दोन्ही हातांची पद्धत, मखमलीची कड. त्यांना नीट समजावं म्हणून करूनही दाखवलं. साहेबांनी खिडकीच्या पडद्याची दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही घट्ट धरा, आणि आता तसंच पुन्हा करून दाखवा. मी म्हटलं, साहेब, आधी ही दोरी खाली ठेवावी लागेल.

त्यांनी वही मिटली. म्हणाले, तुम्ही जाऊ शकता.

अडाणी माणूस. इतक्या लांबून आला, एक प्रश्न विचारला आणि उत्तरही लिहून घेतलं नाही.

बँडमास्तर दारात भेटला. रडत होता. म्हणाला, तू म्हणालास उठले की, म्हणून मी. मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार? पाटी रद्द करायला सुताराकडे गेलो. त्याने आधीच फळी दुसऱ्या कामाला घेतली होती. कशाला, ते सांगितलं नाही. लांब फळ्या होत्या, अक्रोडाच्या.

२२ सप्टेंबर

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर माझ्या टोप्या. सगळ्या. एकीत एक घालून नीट रचून ठेवलेल्या. मंडळाने रातोरात आणून ठेवल्या असतील. ब्रश मारायला दिल्या असाव्यात, धुराने खराब झाल्यात. किंवा पावसाची चिन्हं म्हणून. घरात घेतल्या.

वेंडेलचा दफनविधी. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात दोरांनी उतरवतात, अग्निशामकवाले एका बाजूला, नेमबाज मंडळ दुसऱ्या बाजूला. वडीलधारा म्हणून पहिला दोर नेहमी माझा असतो. मंडळ बोडकं उभं होतं, केस उडत होते. बुर्कार्टही शिरस्त्राणाशिवाय आलेला. त्याचं डोकं इतकं लहान आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं. टोपी घातलेले दोघंच, मी आणि रीडम्यूलर. त्याचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. बँडने सूर काढला तरी त्याच्या डोक्यावर टोपी तशीच! मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग झेन्झी पुढे झाली आणि तिने त्याची टोपी हळूच काढून स्वतःच्या हातात धरली. एका हाताने काढली. आकार बिघडला नाही, कापडीच होती.

त्याच वेळी पेटी उचलली. मी दोर घ्यायला पुढे झालो, हात पुढे केले. बुर्कार्टने माझ्या डोक्यावरून दोराचं टोक पलीकडच्या माणसाकडे दिलं. पेटी सरळ खाली गेली, कुणी मागेपुढे केलं नाही.

मी टोपी काढली. दोन्ही हातांनी. हात मोकळेच होते.